'सेफ्टी टँक' आणि उपशाचा हरवलेला इतिहास : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात

गोषवारा

घरगुती मैलाटाकी, म्हणजेच सेप्टिक टँक, हे विसाव्या शतकात सर्वत्र पसरलेले परंतु इतिहासलेखनात जवळजवळ अदृश्य राहिलेले तंत्र होय. प्रस्तुत निबंधात या टाकीच्या बांधणीपेक्षा तिच्या देखभालीचा, विशेषतः उपशाचा, इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. टाकी बांधण्याची जबाबदारी कुटुंबाने स्वीकारली. ती उपसण्याची जबाबदारी मात्र कुटुंब, स्थानिक संस्था व शासन यांपैकी कोणीही निश्चितपणे स्वीकारली नाही, आणि या पोकळीची किंमत विहिरींनी व सफाई कामगारांनी मोजली, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे. विवेचनासाठी कायदे, समित्या, न्यायनिवाडे, भारतीय मानके आणि पालघर व बोईसर-तारापूर परिसराची जडणघडण यांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : मैलाटाकी, उपसा, शोषखड्डा, सफाई कामगार, बोईसर-तारापूर, ग्रामपंचायत

1. प्रस्तावना

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातच नव्हे, तर महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र गवंड्यापासून घरमालकापर्यंत अनेकजण सेप्टिक टँकला 'सेफ्टी टँक' असे म्हणतात. भाषाशुद्धीच्या दृष्टीने हा अपभ्रंश होय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'कुजविणारा' असा आहे. लोकांनी त्यातून 'सुरक्षित' असा अर्थ घडविला. परंतु समाजेतिहासाच्या अभ्यासकाला हा अपभ्रंश अर्थपूर्ण वाटावा असा आहे. लादी बसविली, झाकण बंद केले, की प्रश्न मिटला, अशी जी सार्वत्रिक समजूत या टाकीभोवती तयार झाली, तिचे प्रतिबिंब या एका शब्दात पडलेले दिसते.

वस्तुतः मैलाटाकी प्रश्न मिटवीत नाही. ती तो पुढे ढकलते. टाकीत तीन थर तयार होतात. वर तेलकट साय, मध्ये पाणी आणि तळाशी गाळ. हवेशिवाय जगणारे जीवाणू गाळाचा काही भाग कुजवून त्याचे पाणी व वायू यांत रूपांतर करतात. उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचत राहतो. तो वेळेवर काढला नाही तर टाकीत पाणी थांबण्यास जागा उरत नाही, आणि मैला जसाच्या तसा शोषखड्ड्यात अथवा गटारात जातो. तेव्हा मैलाटाकीचा इतिहास हा दोन कृतींचा इतिहास असावयास हवा : बांधणे आणि उपसणे. पहिल्या कृतीच्या नोंदी विपुल आहेत. नकाशे, परवानग्या, अनुदानाच्या याद्या, उद्दिष्टपूर्तीचे तक्ते यांत ती पदोपदी भेटते. दुसरीच्या नोंदी शोधाव्या लागतात, आणि त्या बहुधा अपघातांच्या वृत्तांत किंवा न्यायालयाच्या निकालांत सापडतात. ही विषमता का निर्माण झाली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

2. 'स्वयंचलित' टाकीचा जन्म आणि माटुंग्याचा प्रयोग

फ्रान्समधील व्हझूल या गावी झाँ-लुई मुरास याने सुमारे 1860 मध्ये आपल्या घरासाठी एक बंद टाकी बांधली. काही वर्षांनी ती उघडली असता अपेक्षेपेक्षा फारच थोडा घन मैला तीत आढळला. 1881 मध्ये या रचनेचे एकस्व घेण्यात आले. त्या काळी तिला जे नाव देण्यात आले त्याचा आशय 'आपोआप उपसणारी टाकी' असा होता. हे नाव लक्षणीय आहे. तंत्राच्या जन्माबरोबरच एक आश्वासन जन्माला आले : आता माणसाची गरज नाही. पुढे 1895 च्या सुमारास इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनल्ड कॅमरन याने याच तत्त्वावर टाकी उभारली आणि 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केले.

हे तंत्र मुंबई इलाख्यात त्वरेने पोहोचले. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती आणि मैल्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. नगरपालिकेचे ड्रेनेज अभियंता सी. कार्कीट जेम्स यांनी माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैलाटाकीचे प्रयोग केले. तेथील टाकीतून निघणाऱ्या वायूचा उपयोग दिव्यांसाठी व पुढे इंजिन चालविण्यासाठीही करण्यात आला. जैववायूच्या इतिहासावरील अनेक लेखनांत मुंबईच्या कुष्ठरोगी वसाहतीतील अशा संयंत्राचे साल 1859 असे दिले जाते. तथापि माटुंग्याचा आश्रम नगरपालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये सुरू झाला, हे ध्यानात घेतल्यास ते साल माटुंग्याला लागू पडत नाही. 1897 हे साल अधिक ग्राह्य ठरते.

माटुंग्याच्या उदाहरणातून आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट निष्पन्न होते. तेथे टाकी ही एका संस्थेच्या व्यवस्थेचा भाग होती. तिच्यावर अभियंत्याची देखरेख होती, निघणारे पाणी शेतीला दिले जात होते, वायूचा हिशेब ठेवला जात होता. पुढील शंभर वर्षांत टाकी संस्थेच्या आवारातून निघून घराघरांत पोहोचली. देखरेख मात्र तिच्यासोबत गेली नाही.

3. परसाकडून घराकडे

आजचा पालघर तालुका म्हणजे स्थूलमानाने ठाणे जिल्ह्यातील पूर्वीचा माहीम तालुका. किनाऱ्यावर केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, तारापूर, चिंचणी ही गावे. लगत वाळू, खाजण व मिठागरे. आत भातखाचरे आणि त्यापलीकडे डोंगरपट्ट्यातील आदिवासी पाडे, अशी या प्रदेशाची रचना. 1860 च्या दशकात मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग येथून गेला आणि पालघर व बोईसर ही स्थानके कालांतराने जुन्या किनारी गावांपेक्षा महत्त्वाची ठरली.

मलविसर्जनासाठी मराठीत रूढ असलेले शब्द येथील जुनी व्यवस्था सुचवितात. 'परसाकडे जाणे', 'बहिर्दिशेस जाणे' हे शब्दप्रयोग क्रियेपेक्षा जागेचा निर्देश करतात, आणि ती जागा घराबाहेरची आहे. वाडी, खाजण, समुद्रकिनारा, ओढ्याचा काठ यांवर ही व्यवस्था उभी होती. स्त्रियांना ती अंधाराची वाट पाहावयास लावणारी होती, आणि पावसाळ्यात रोगराईस निमंत्रण देणारी होती. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. मात्र विरळ वस्ती आणि मोकळी जमीन यांमुळे मैल्याचा साठा एका जागी होत नसे.

याउलट नगरपालिकांच्या शहरांत टोपलीचा संडास होता. मुंबईत 'हलालखोर' कर नावाची स्वतंत्र आकारणी होती, आणि काठियावाड व गुजरातेतून आलेल्या विशिष्ट जातींच्या स्त्रीपुरुषांकडून मैला वाहून नेण्याचे काम करविले जाई. ही पद्धत अमानुष होती, यात दुमत नाही. परंतु इतिहासकाराने एक गोष्ट नोंदविली पाहिजे : तीत मैला कोण नेतो, केव्हा नेतो, कोठे टाकतो आणि त्यासाठी कोण पैसे देतो, या चारही प्रश्नांची उत्तरे सरकारी दप्तरात होती. मैलाटाकी आली तेव्हा हे चारही प्रश्न दप्तरातून नाहीसे झाले.

4. श्रमाचा प्रश्न : दोन भूमिका

मैला वाहण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रात दोन ठळक भूमिका मांडल्या गेल्या. पहिली भूमिका कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांची. 1932 मध्ये रत्नागिरीच्या कारागृहात त्यांनी स्वतः भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेल्याने त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला आणि त्यांच्या समर्थनार्थ येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबर 1932 मध्ये उपोषण आरंभिले. पुढे कणकवली येथील गोपुरी आश्रमातून अप्पासाहेबांनी 'भंगीमुक्ती'चा विचार व्यवहारात आणला. मैला हा घाण नसून खत आहे, तो ज्याचा त्यानेच हाताळावा, आणि संडासाची रचनाच अशी असावी की त्यासाठी वेगळ्या जातीची आवश्यकता भासू नये, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते.

दुसरी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची. 1935 मध्ये त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. सफाईच्या कामाला पावित्र्य बहाल करण्याच्या वृत्तीवर त्यांनी 1945 मधील आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. काम उदात्त ठरविल्याने ते करणाऱ्याची जात बदलत नाही, की त्याचे वेतन वाढत नाही. त्याला हक्क, संघटना आणि तो व्यवसाय सोडण्याची मोकळीक हवी, असा या भूमिकेचा आशय होता.

या दोन भूमिकांतील विरोधाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मैलाटाकीच्या संदर्भात मात्र त्या परस्परपूरक ठरतात. पहिली विचारते, 'टाकीतील गाळाचे काय करावयाचे?' दुसरी विचारते, 'तो काढणाऱ्या माणसाचे काय?' घराघरांत टाकी बांधणाऱ्या समाजाने या दोन्ही प्रश्नांकडे पाठ फिरविली.

शासकीय पातळीवर मुंबई सरकारने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली. केंद्र सरकारने 1957 मध्ये मलकानी समिती नेमली. या दोन्ही समित्यांसमोर मुख्यतः टोपलीच्या संडासाचा प्रश्न होता. 1993 मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याचाही रोख कोरड्या संडासांवरच होता. पाण्याचा सापळा असलेला संडास हा त्यात उपाय म्हणून गृहीत धरलेला होता. परिणामी, ज्या टाकीत त्या संडासाचा मैला साठणार होता, ती टाकी या कायद्याच्या दृष्टिपथाबाहेर राहिली. दोन दशकांनंतर, 2013 च्या कायद्याने ही उणीव दूर केली.

5. कारखाने आले, टाक्या आल्या

ऑक्टोबर 1969 मध्ये तारापूर अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. 1970 च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे तारापूर औद्योगिक क्षेत्र बोईसरलगत आकारास आले. रसायने, औषधे, वस्त्रप्रक्रिया, पोलाद अशा कारखान्यांसाठी राज्यातून व परराज्यांतून कामगार येऊ लागले. त्यांच्यासाठी घरे मात्र औद्योगिक क्षेत्राच्या आखीव भूखंडांवर उभी राहिली नाहीत. ती बहुतांशी बोईसर, सरावली, पास्थळ, सालवड, कोलवडे, कुंभवली अशा ग्रामपंचायतींच्या हद्दींत उभी राहिली. भातखाचरे बिनशेती झाली, वाड्यांमध्ये चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या. एप्रिल 2013 मध्ये चर्चगेटहून सुटणारी उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि ऑगस्ट 2014 मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या दोन्ही घटनांनी या वाढीस गती दिली. 2011 च्या जनगणनेत बोईसरची लोकसंख्या सुमारे 36 हजार होती. शहराएवढी वस्ती आणि ग्रामपंचायतीचा कारभार, असे हे चित्र होते.

अशा वस्तीत भुयारी गटार योजना नसताना संडास हवा असेल तर मैलाटाकी हाच एक मार्ग उरतो. ही स्थिती केवळ बोईसरची नव्हे. 2011 च्या जनगणनेनुसार भारतातील नागरी कुटुंबांपैकी सुमारे 33 टक्के कुटुंबांचे संडास नळाच्या गटारास जोडलेले होते, तर सुमारे 38 टक्के कुटुंबांचे मैलाटाकीस. म्हणजे नागरी भारताचा मोठा भाग टाकीवर उभा होता.

येथे एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे. बोईसर-तारापूर हा प्रदूषणाच्या बाबतीत दुर्लक्षित प्रदेश नव्हे. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी येथे सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. त्याच्या त्रुटींविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि जानेवारी 2022 मध्ये त्यावर निर्णय झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशातील प्रदूषित औद्योगिक समूहांत पहिल्या क्रमांकावर होते. कारखान्याच्या पाण्याविषयी अहवाल आहेत, नमुने आहेत, दंड आहेत, कारण तेथे सांडणारा कोण आणि सोसणारा कोण हे स्पष्ट आहे. घरगुती टाकीत सांडणारा व सोसणारा पुष्कळदा एकच असतो किंवा शेजारी असतो; म्हणूनच तिच्याविषयी तक्रार करावी कोणाविरुद्ध, हा प्रश्न पडतो आणि प्रकरण दप्तरापर्यंत पोहोचत नाही.

6. मानक आणि गुंठा

मैलाटाकीविषयी मार्गदर्शनाचा अभाव होता, असे म्हणता येत नाही. भारतीय मानक 2470 हे याच विषयाला वाहिलेले असून त्याची 1985 ची सुधारित आवृत्ती अभियंत्यांच्या परिचयाची आहे. पाच माणसांच्या कुटुंबासाठी 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद व सुमारे 1 मीटर पाण्याची खोली असलेली टाकी त्यात सुचविली आहे. गाळ दरवर्षी काढणे इष्ट मानले आहे. ते शक्य नसेल तर टाकीवर अतिरिक्त भार नाही हे पाहून निदान दोन वर्षांतून एकदा तो काढावा असे म्हटले आहे. टाकीतून निघणारे पाणी जमिनीत मुरविण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 18 मीटरपेक्षा जवळ नसावी, अशीही अट आहे.

ही अट आपल्या जमिनीच्या मापात बसवून पाहावी. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, सुमारे 101 चौरस मीटर. अशा चौरस भूखंडाची बाजू सुमारे 10 मीटर आणि कर्ण सुमारे 14 मीटर भरतो. म्हणजे एका गुंठ्याच्या चौरस भूखंडावर विहीर अथवा कूपनलिका एका कोपऱ्यात आणि शोषखड्डा समोरच्या कोपऱ्यात घेतला, तरी 18 मीटरचे अंतर मिळू शकत नाही. दोन गुंठ्यांच्या चौरस भूखंडाचा कर्ण सुमारे 20 मीटर भरतो. तेथे केवळ दोन टोकांच्या कोपऱ्यांत ही अट कशीबशी पाळता येईल, तीही शेजाऱ्याची विहीर कुंपणालगत नसेल तर. ज्या क्षणी शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे पाडून ते विकले गेले, त्याच क्षणी मानकाचे पालन भूमितीच्या दृष्टीने अशक्य झाले. हा दोष एखाद्या गवंड्याचा किंवा घरमालकाचा नाही. तो भूखंड पाडण्याच्या पद्धतीत अंगभूत आहे.

माणसांच्या संख्येचेही असेच. पाच माणसांच्या मापाने बांधलेल्या टाकीवर पुढे चार खोल्या वाढवून त्या भाड्याने दिल्या आणि प्रत्येक खोलीत चार कामगार राहिले, तर मूळ कुटुंब धरून त्या टाकीवर एकवीस माणसांचा भार येतो. खोल्या वाढल्याची नोंद घरपट्टीत होते. टाकी वाढविल्याची नोंद ठेवण्यासाठी रकाना नसतो.

किनारपट्टीच्या निसर्गाने ही अडचण आणखी वाढविली. पावसाळ्यात येथील भूजल पृष्ठभागाच्या जवळ येते. अशा वेळी शोषखड्डा पाणी शोषण्याऐवजी स्वतःच भरतो, टाकीतील पाणी पुढे सरकत नाही आणि संडास तुंबतो. मग टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळीस उघड्या गटाराची वाट दाखविली जाते. ज्या कुटुंबाने टाकी पाच-दहा वर्षांत एकदाही उपसली नाही आणि तरीही ती भरली नाही असे जे अभिमानाने सांगते, त्याच्या टाकीतील मैला बहुधा अन्यत्र जात असतो. न भरणारी टाकी ही चांगल्या बांधकामाची खूण नसून गळतीची खूण असू शकते, हे अद्यापही सर्वसामान्य ज्ञान झालेले नाही.

7. टाकीतील मृत्यू आणि कायदा

ज्या कृतीची नियमित नोंद नाही, ती कृती संकटाच्या वेळी घाईने केली जाते. संडास तुंबल्यावर माणूस शोधला जातो, आणि ज्या समाजाकडे हे काम परंपरेने लादले गेले त्याच समाजातील माणूस बहुधा पुढे येतो. बंद टाकीत प्राणवायू अत्यल्प असतो. कुजण्याच्या क्रियेतून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू निर्माण होतात. पहिला विषारी असून हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि धोक्याची सूचना मिळत नाही. दुसरा ज्वालाग्राही आहे. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम मोकळा होतो. म्हणून पहिला माणूस कोसळतो आणि त्याला वाचविण्यासाठी उतरलेला दुसरा व तिसराही कोसळतो.

पालघर जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. मे 2019 मध्ये नालासोपारा येथे एका गृहसंकुलाच्या टाकीत तीन कामगारांचा मृत्यू झाला. एप्रिल 2024 मध्ये विरार येथे एका वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार मृत्यू पावले. दुसरी घटना विशेष बोलकी आहे. कारण तेथे साधी टाकी नव्हती, प्रगत यंत्रणा होती. तंत्र बदलले तरी देखभालीची पद्धत बदलली नाही, तर परिणामही बदलत नाही.

2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार वा मैलाटाकी माणसाकडून साफ करून घेणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून अशा कामात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये देण्याचे आदेश दिले. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका गृहसंस्थेची टाकी साफ करताना तिघांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नींनी दाद मागितल्यावर सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कामगार खाजगी कामावर असले तरी, भरपाई देण्याचे आदेश राज्य शासनास दिले. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम तीस लाख रुपये केली.

या निवाड्यांचे महत्त्व केवळ रकमेत नाही. घराच्या अंगणातील टाकी ही खाजगी बाब आहे, या शंभर वर्षांच्या समजुतीला त्यांनी छेद दिला. टाकी खाजगी असेल. पण तीत उतरणाऱ्या माणसाचा जीव ही सार्वजनिक जबाबदारी होय, हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले. तरीही भरपाई मृत्यूनंतर मिळते. देखभाल मृत्यूपूर्वी करावयाची असते.

8. पर्यायाची दिशा : वाई आणि सिन्नर

ही देखभाल सार्वजनिक व्यवस्था म्हणून उभी करता येते, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने मैलागाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपरिषदांनी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साह्याने नियोजित उपशाची पद्धत सुरू केली. तीत नागरिकाने टाकी तुंबण्याची वाट पाहावयाची नसते. ठरलेल्या क्रमाने प्रत्येक घराची टाकी सुमारे तीन वर्षांतून एकदा यंत्राने उपसली जाते, खर्च कराच्या माध्यमातून भागविला जातो, आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेला जातो. दोन्ही ठिकाणच्या केंद्रांची क्षमता दिवसाला 70 हजार लिटर इतकी आहे.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता, वाई व सिन्नरने नवे यंत्र शोधलेले नाही. शोषण-पंप बसविलेले टँकर पूर्वीपासून होते. त्यांनी दप्तर परत आणले. कोणत्या घराची टाकी, कोणत्या दिवशी, कोणत्या वाहनाने उपसली आणि गाळ कोठे गेला, हे तेथे लिहिले जाते. हलालखोर कराच्या काळात नोंदले जाणारे ते चार प्रश्न पुन्हा नोंदवहीत आले. फरक इतकाच, आणि तो मूलभूत आहे, की आता टोपली डोक्यावर नाही.

बोईसरसारख्या वस्तीपुढील अडचण अशी की, ही उदाहरणे नगरपरिषदांची आहेत. ग्रामपंचायतीचे मनुष्यबळ व उत्पन्न मर्यादित असते, आणि सलग वाढलेली एक वस्ती अनेक ग्रामपंचायतींत विभागलेली असते. एका ग्रामपंचायतीने टँकर घेतला तरी गाळ टाकण्यासाठी प्रक्रिया केंद्र हवे; ते नसेल तर टँकरचा मार्ग नाल्याकडे वा खाडीकडे वळण्याची भीती असते, आणि घरातून काढलेला मैला मच्छीमाराच्या दारी जातो. ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाच्या 2020 मधील दुसऱ्या टप्प्यात मैलागाळ व्यवस्थापनाचा समावेश झाला, ही स्वागतार्ह बाब होय. शेजारच्या ग्रामपंचायती आणि पालघर नगरपरिषद यांनी एकत्रितपणे एका प्रक्रिया केंद्राचा विचार करणे, हा या परिसरास अनुरूप मार्ग दिसतो.

9. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मैलाटाकी ही आरंभापासून 'आपोआप चालणारी' म्हणून प्रसृत झाली आणि या कल्पनेमुळे तिच्या देखभालीचा विचार दुय्यम ठरला. दोन, टोपलीच्या संडासाच्या निर्मूलनाचा लढा न्याय्य व आवश्यक होता. परंतु त्यानंतर आलेल्या टाकीतील श्रमाकडे कायद्याचे लक्ष जाण्यास वीस वर्षे लागली. तीन, बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक परिसरात वस्तीची वाढ शहराच्या वेगाने आणि कारभार गावाच्या साधनांनी झाला. गुंठ्यांच्या भूखंडांवर मानकाचे पालन मुळातच अशक्य होते. चार, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः नव्या तंत्रात नसून नियमित उपसा, त्याची नोंद आणि गाळाची निश्चित जागा यांत आहे.

या संदर्भात महाविद्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थी शोषखड्डे खणतात. त्याच विद्यार्थ्यांनी दत्तक गावातील प्रत्येक घरी चार साधे प्रश्न विचारावेत : टाकी कोणत्या वर्षी व किती माणसांसाठी बांधली, विहीर तिच्यापासून किती अंतरावर आहे, टाकी शेवटी केव्हा व कशी उपसली, आणि गाळ कोठे गेला. इतिहास, भूगोल व रसायनशास्त्र या विभागांनी मिळून अशी नोंदवही तयार केली आणि तिची प्रत ग्रामपंचायतीस दिली, तर स्थानिक इतिहासाचे एक नवे साधन निर्माण होईल आणि ग्रामपंचायतीस उपशाचे वेळापत्रक आखण्यास पहिला आधार मिळेल. चौथ्या प्रश्नाला बहुतेक घरांतून 'माहीत नाही' हेच उत्तर येण्याची शक्यता आहे. तेही लिहून ठेवावे. कारण या विषयाच्या इतिहासातील सर्वांत मोठी पोकळी नेमकी तेथेच आहे.